वन्संशी रिंग

"लिहिता कुठल्या हातानं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, लिहिते उजव्यानं, कारण लहानपणी डाव्या हातावर छड्या खाल्ल्या. पण बाकी सगळं डाव्यानं. बाकी सगळं म्हणजे काय, असं त्यांनी विचारल्यावर मी भाजी चिरणं, फळा पुसणं, शिट्टी धरणं असं सांगत गेले आणि शेवटी म्हटलं, रिंग खेळते. त्यांनी मान हलवली आणि पेसमेकर उजव्या खांद्याच्या हाडाखाली बसवायचं ठरवलं. माझा डावा हात मोकळा राहिला, तो त्या एका प्रश्नामुळे.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. मी पालघरच्या मुलींच्या शाळेत मराठी आणि शारीरिक शिक्षण शिकवत होते. यजमान तारापूरच्या वीजकेंद्रात पाळीवर जात. बोईसरला आमचं बैठं घर होतं, मागे थोडं अंगण. मुलगा-सून बडोद्याला. रोज सकाळी शटल पकडायची, संध्याकाळी परत यायचं, आणि आल्याआल्या चहा न घेता महिला मंडळाच्या मैदानावर रिंग खेळायला जायचं, असं माझं वीस-बावीस वर्षं चाललेलं. रिंग म्हणजे रबराचं जाड कडं. मध्ये जाळी, दोन्ही बाजूंना एकेक जण. एका हातानं झेलायची आणि झेलली त्याच जागेवरून लगेच परत फेकायची. हातात धरून विचार करत बसलात की गुण गेला. मला तो खेळ आवडायचा तो याच्यासाठीच.

मग मला भोवळ यायला लागली. पहिल्यांदा उमरोळी स्टेशनात, एका विद्यार्थिनीच्या घरी जाऊन परत येताना. बाकावर बसले होते ती खाली कशी आले ते कळलं नाही. दुसऱ्यांदा शाळेच्या पटांगणावर, मुलींची कवायत घेताना. मुली म्हणाल्या, बाई शिट्टी वाजवणार म्हणून आम्ही थांबलो होतो, आणि बाई तशाच आडव्या झाल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचत नाही, त्यामुळे नाडी फार मंद झाली आहे. यंत्र बसवावं लागेल.

यंत्र बसवल्यावर त्यांनी मला समोर बसवून नीट समजावलं. काही आठवडे उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. वेल्डिंग चाललं असेल तिथून लांब राहायचं. यंत्राच्या जागी मार लागू द्यायचा नाही. बाकी हिंडा, फिरा, काम करा, बसून राहू नका. फक्त एक लक्षात ठेवा, म्हणाले, हे यंत्र एकाच चालीनं चालतं. तुम्ही पळालात तरी ते पळणार नाही. तुम्हाला धाप लागेल, डोळ्यांपुढे अंधारी येईल. त्याच्या आधी थांबायला शिका.

यजमान शेजारीच बसले होते. त्यांनी यातलं फक्त काय करायचं नाही तेवढं ऐकलं.

मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, म्हणजे ती मला घ्यायला लावली. घरी आल्यावर माझं मला कळेना की दिवसाचं करायचं काय. पहिले काही आठवडे वेदनेत गेले, ते सोपे होते. नंतर वेदना गेली आणि दिवस उरला. मी पुढच्या दाराशी जाई, मागच्या दाराशी येई. ट्रंकेतल्या साड्या काढून पुन्हा घडी करून ठेवी. वाचायला बसले की दोन पानांवर पाय हलायला लागत. वारा कारखान्यांकडून आला की घशाला झोंबणारा वास येई, मग खिडक्या लावा, वारा फिरला की उघडा. तेही काम मी मन लावून करी. मनात सारखी घाई, आणि मनगटावर बोट ठेवून पाहावं तर नाडी आपली एकाच संथ चालीनं. राग आला तरी तीच, एकदा गॅसवर दूध उतू जाऊन पदराला आच लागली तेव्हाही तीच. आपल्याला भीती वाटली आहे आणि शरीराला ते कळवलंच गेलेलं नाही, असं काहीतरी विचित्र वाटायचं.

संध्याकाळी यजमान मला फिरायला नेत. नाक्यावर ग्रिलं बनवणाऱ्याचं दुकान होतं, तिथं ठिणग्या दिसल्या की ते मला दंडाला धरून रस्त्याच्या पलीकडे नेत, आणि मग ट्रक येत म्हणून परत अलीकडे. फिरून आलो की मी आणखीच अस्वस्थ होई.

दोन-तीन महिन्यांनी मी महिला मंडळात गेले. माझ्या जुन्या मैत्रिणी होत्या सगळ्या. त्यांनी मला खुर्ची दिली. मी म्हटलं, खेळायचंय. तर त्यांनी आपापसात पाहिलं आणि एक जण जाळीपलीकडे उभी राहिली. तिची फेक जिल्ह्यात प्रसिद्ध होती. मनगटाला असा काही झटका देई की रिंग हवेत थरथरत यायची. तिनं मला रिंग दिली ती लहान मुलाच्या हातात लाडू द्यावा तशी. मी तिला रिंग पलीकडच्या कोपऱ्यात टाकली, तर ती दोन पावलं धावून थांबली आणि म्हणाली, वा, छान. मी जिंकले. दुसऱ्या दिवशी दुसरीशी जिंकले. चौथ्या दिवशी मी मुद्दाम जाळीत रिंगा घातल्या, तरी शेवटी मीच जिंकले. त्यानंतर मी तिकडे गेले नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यामुळे भांडताही येईना.

याच सुमाराला यजमानांनी त्यांच्या धाकट्या बहिणीला समुद्रकाठच्या एडवण गावाहून बोलावून घेतलं. माझी नणंद, वन्सं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही. माहेरची वाडी तीच बघायची: नारळ, पानवेली, थोडी वांगी-मिरची. अंगानं काटकुळी, पण पाण्याच्या दोन कळशा घेऊन चालली तर मागच्याला गाठता येऊ नये. माझं आणि तिचं लग्नापासून जमलं नव्हतं. तिला मी मास्तरीणबाई वाटायचे, आणि मला ती वाटायची खवट. सणावाराला भेटायचो, तेव्हा दोघी आपापल्या जागी नीट वागायचो आणि गाडी सुटली की दोघींना बरं वाटायचं.

ती आली आणि तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मला आत पाऊल टाकू देईना. सकाळी भाकऱ्या, दुपारी भांडी, मग अंगण झाडणं, मग धुणं. तिचं काम बघत बसणं ही मला नवी शिक्षा झाली.

एका दुपारी यजमान पाळीवर गेले होते. वन्सं आत काहीतरी निवडत होती. मी कपाटातून माझी जुनी लाल रिंग काढली, अंगणात गेले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवरून फेकायला लागले. फेकायची, पलीकडे जाऊन उचलायची, परत फेकायची. वन्सं कपडे काढायला बाहेर आली आणि बघत उभी राहिली.

"यात काय हाय?" ती म्हणाली.

मी सांगितलं, पलीकडे उभं राहायचं, एका हातानं झेलायची, लगेच परत फेकायची. तिनं पदर खोचला आणि पलीकडे गेली. माझी पहिली रिंग तिनं दोन्ही हातांनी झेलली. मी म्हटलं, गुण गेला. ती म्हणाली, कशाचा गुण, झेलली ना? आमचं पहिलं भांडण तिथंच झालं. दुसरी रिंग तिनं एका हातानं झेलली आणि इतक्या जोरानं परत पाठवली की ती माझ्या कानाजवळून जाऊन मोरीच्या भिंतीवर आपटली. मी वळून त्या भिंतीकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत माझ्याकडे असं काही आलं नव्हतं.

त्या दिवसापासून यजमान घरी नसले की आम्ही खेळायला लागलो. ठरवून लपवलं नाही, पण सांगितलंही नाही. वन्संला नियम मान्य नव्हते, ती ते दर दिवशी नव्यानं भांडून शिकली. तिला फेकीतली कला जमली नाही कधी; तिची रिंग सरळ यायची, दगडासारखी. मी मात्र पळू शकत नव्हते. पहिल्याच आठवड्यात मी एका रिंगेसाठी धावले, ती झेलली, परत फेकली, आणि अंगणाच्या कडा काळ्या व्हायला लागल्या. मी मटकन खाली बसले. वन्सं आली, तिनं तांब्यातून पाणी दिलं आणि शेजारी उभी राहिली. काय होतंय, डॉक्टरला बोलवू का, काही विचारलं नाही. माझा श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "बस तितका येळ. मग फेक तुझी हाय."

तेव्हापासून मी उभ्या उभ्या खेळायला शिकले. पाय हलवायचे नाहीत, मनगट हलवायचं. समोरचीला डावीकडे पळवायचं, मग उजवीकडे, आणि ती परत फेकेपर्यंत आपण दोन श्वास घ्यायचे. अंधारी यायच्या आधी पोटऱ्यांत एक जडपणा येतो, तो ओळखता यायला लागला. तो आला की हात वर करायचा. वन्सं तेव्हा थांबायची, पण कुरकुरत.

बाकी दिवस मात्र आमचं पटत नव्हतंच. मला हातांना चाळा हवा असायचा. ती अंघोळीला गेली की मी स्वयंपाकघरात शिरून डबे पुन्हा माझ्या पद्धतीनं लावी. ती काही बोलत नसे. संध्याकाळपर्यंत डबे परत तिच्या जागी गेलेले असत.

आणि मग ते घडलं. दुपारची वेळ, ऊन तिरपं. मी घाम पुसायला पदर तोंडाशी नेला होता, आणि वन्संची रिंग सरळ माझ्या उजव्या खांद्याखाली येऊन लागली. यंत्रावरच. आवाज झाला, रबर लाकडावर आपटावं तसा. मी खाली बसले. वन्सं दोरीपलीकडे तशीच उभी, फेकलेला हात अजून पुढे. जवळ यायला तिला वेळ लागला.

यजमान पाळीवरून आले तोवर ती जागा काळीनिळी झाली होती. झाकून ठेवता येण्यासारखी नव्हती. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि बहिणीला म्हणाले, "तुला हिला सांभाळायला बोलावलं होतं, की मारायला?" मी मध्ये बोलायला गेले, त्यांनी ऐकलं नाही.  वन्संनं आपलं गाठोडं बांधलं आणि ती एडवणला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, आलेख काढला आणि म्हणाले, यंत्र ठीक आहे, तारही जागेवर आहे, सूज उतरेल. यजमान म्हणाले, तुम्हीच हिला सांगा की आता खेळणं बंद. डॉक्टर म्हणाले, छातीवर येऊ देऊ नका एवढंच सांगेन, वाटल्यास आतून कापसाची गादी लावा. खेळायला माझी हरकत नाही.

परतीच्या गाडीत यजमान बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मी जरा तोऱ्यातच बसले होते, डॉक्टर माझ्या बाजूनं बोलले म्हणून. विरार मागे पडल्यावर ते म्हणाले, "मी तुला पडलेली बघितलंय. शाळेतून बोलावलं तेव्हा. तुझे डोळे उघडे होते. तू स्वतःला बघितलं नाहीस."   इतके दिवस मी त्यांच्याशी चिडून वागत होते, आणि तो माणूस रोज माझ्या मागून काय बघत चालला होता ते मला ठाऊकच नव्हतं. पण ते कळलं म्हणून माझे पाय शांत झाले असं नाही.

आठवड्याभरात मी एडवणला जायला निघाले. यजमानांना सांगून निघाले. त्यांनी सुट्टी काढून बरोबर येतो म्हटलं, मी नको म्हटलं. ते स्टेशनापर्यंत आले. शटलनं पालघर, तिथून एस.टी.

वन्सं वाडीत होती. पानवेलींना पाणी सोडलं होतं आणि ती फावड्यानं एकेक पाट उघडत, बंद करत पुढे सरकत होती. मला बघून थांबली नाही.

"कशाला आलीस?"

मी म्हटलं, तुम्हाला न्यायला. डॉक्टरांनी सांगितलंय, यंत्राला काही झालेलं नाही. चुकून लागलं, त्याचं एवढं मनावर घेऊ नका.

तिनं तो पाट बंद केला, माती फावड्यानं दाबली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"वयनी, ती चुकून नाय लागली. मी मारली."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मी विचारलं, कशावरून?

"डब्यांवरून."

"कुठले डबे?"

"सगळे. मिठाचा डबा मी हाताशी ठेवते, तू वर नेऊन ठेवते. रोज. मी तुझ्या घरात पावणी नाय, मोलकरीण नाय. मंग मी कोण हाय? ते डोक्यात चाललेलं, आनि हातात रिंग व्हती." ती थांबली. "तो आवाज आला तेव्हा मला वाटलं, गेली ही. इकडं आल्यापासून मला घास गोड लागत नाय."

मी पाटाच्या कडेला बसले. राग यायला हवा होता, पण तो आला नाही. मला वाटलं ते सांगायला अवघड आहे. दवाखान्यातून आल्यापासून माझ्यावर कुणी रागावलं नव्हतं. यजमान नाही, सून नाही, मैत्रिणी नाहीत. मी काहीही केलं तरी सगळे चेहरे मऊच. ही एक बाई माझ्यावर इतकी चिडली होती की मी आजारी आहे हे विसरली होती. मला रडू आलं, आणि वन्संला वाटलं की छातीत दुखतंय. ती फावडं टाकून धावत आली.

नाही, दुखत नाही, मी म्हटलं. मग मी तिला सांगितलं की डबे मी हलवते ते तुमच्यासाठी नाही. माझ्या हातांना दिवसभर काय द्यावं ते मला सुचत नाही.

तिनं थोडा विचार केला. "हातांना काम पायजे तर इथं हाय की," ती म्हणाली. "मी काय आता बोईसरला येत नाय. तू ये."

तिनं मला दुसरं, हलकं फावडं दिलं. मी डाव्या हाताच्या जोरावर दोन पाट उघडले, बसले, पुन्हा उठले, आणखी एक उघडला. चिखलात पाय घोट्यापर्यंत गेले होते. संध्याकाळची एस.टी. चुकणार होती ती अगदी थोडक्यात मिळाली.

मग ते ठरूनच गेलं. आठवड्यातून एक-दोनदा मी एडवणला जाऊ लागले. सकाळी वाडीत काम, जेवण, आणि उन्हं उतरली की समुद्रावर. ओहोटीला तिथली वाळू घट्ट होते, पाय रुतत नाही. सुरूच्या दोन झाडांना आम्ही दोरी बांधली. मी पोलक्याच्या आतून कापसाची गादी शिवून घेतली होती. पहिल्या दिवशी वन्संनं रिंग अशी फेकली की माझ्या हातात येईपर्यंत रिंगेचा जीव गेला. मी म्हटलं, हे असलं खेळायचं तर मी बोईसरला खेळले असते.

ती म्हणाली, "राग नाय आला तर जोर कुठून आणू?"

 दुसऱ्या खेपेला मी सकाळी गेल्यागेल्या तिचं खुरपं, कोयता आणि पाण्याची कळशी, तिनं ठेवलेल्या जागांवरून उचलून पडवीच्या दुसऱ्या टोकाला मांडून ठेवलं. तिनं बघितलं. दिवसभर तिचं तोंड फुगलेलं होतं. संध्याकाळी वाळूवर पहिली रिंग आली ती घोट्याच्या उंचीवर, सणसणत. त्यानंतर ती कायम तशीच खेळली, खाली, छातीपासून लांब, पण पूर्ण ताकदीनं. मी तिच्याशी जिंकले कमी आणि हरले जास्त.

हळूहळू गावातल्या आणखी बायका यायला लागल्या. कुणी दातिवऱ्याला दिलेली, माहेरी आलेली, कुणी शेजारच्या वाडीतली. मासळी वाळत घालून झाली की यायच्या. एकीनं विचारलं, बाई, तुमच्यात ते यंत्र हाय ते वाजतं काय? मी म्हटलं, कान लावून बघ. तिनं खरंच लावला आणि निराश झाली. यजमान निवृत्त झाल्यावर तेही यायला लागले. वर्तमानपत्र घेऊन सुरूखाली बसायचे. रिंग माझ्या उजव्या बाजूला आली की कागद खाली व्हायचा. त्यांची भीती कधी गेली नाही. ती जाणार नाही हे मी मान्य केलं, आणि मी बसून राहणार नाही हे त्यांनी. त्याहून जास्त समेट आमच्यात झाला नाही, आणि तेवढ्यावर आमचं चाललं.

नव्वदनंतर त्या यंत्राची बॅटरी संपत आली आणि नवीन बसवलं. हे नव्या तऱ्हेचं होतं. डॉक्टर म्हणाले, याला तुमच्या अंगाची हालचाल कळते. तुम्ही हललात की हे वेग वाढवतं. मी घरी येऊन अंगणात एक फेरी मारली आणि मनगट धरलं. नाडी पळत होती. इतक्या वर्षांनी. मी यजमानांना हाक मारून त्यांचं बोट तिथं ठेवलं. ते घाबरले.

त्या नव्या यंत्राचीही एक गंमत होती. त्याला नुसती हालचाल कळायची, ती कुणाची ते नाही. पालघरहून एडवणला जाणारी एस.टी. खड्ड्यांतून उडायला लागली की यंत्राला वाटायचं मी धावते आहे. मी आपली सीटवर बसलेली, मांडीवर पिशवी, आणि काळीज धाडधाड. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी घामानं भिजले. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, घाबरू नका, होतं असं. हवं तर यंत्राचा तो गुण थोडा कमी करून देतो. मी म्हटलं, नको, राहू दे.

पण बसून बसून धावणं मला सोसेना. मग मी गावाच्या अलीकडच्या थांब्यावरच उतरायला लागले. कंडक्टर सुरुवातीला म्हणायचा, बाई, तुमचा थांबा पुढं हाय. नंतर त्यानं विचारणं सोडलं. एस.टी. धूळ उडवत पुढे जायची, मी पिशवी डाव्या खांद्याला लावून बागांच्या कुंपणाकडेनं झपाझप चालायचे, आणि वाडीशी पोचेपर्यंत वन्संचं अर्धं काम उरकलेलं असायचं. तिला ते मुळीच पसंत नव्हतं. गाडी कधीच आली, तू आता येतेस, असं म्हणून ती माझ्या हातात खुरपं द्यायची.